डार्क वेबवरचा भयपट, तोही वन रूम किचनमध्ये

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाच-सहा मित्र मिळून मुंबईत एक मराठी भयपट करताय, दीड तासाच्या आसपास, हाताशी पंचवीस लाख. लालबागचा एक कॉलेजकुमार गंमत म्हणून डार्क वेबवर, म्हणजे नेहमीच्या ब्राउझरने न उघडणाऱ्या इंटरनेटच्या छुप्या भागात जातो, फिरत फिरत 'रेड रूम' नावाच्या, लाइव्ह छळ दाखवणाऱ्या साइटवर पोचतो, मुखवटा घातलेला एक हॅकर त्याच्या मागे लागतो आणि शेवटी हा स्वतःच त्या खोलीत खुर्चीला बांधलेला सापडतो. एवढ्या पैशांत हे बसेल का आणि लोक घाबरतील का, हे तुमचे दोन प्रश्न.

पैशांत बसेल. घाबरण्याबद्दल मला शंका आहे, आणि त्यात दोष बजेटचा नाही, गोष्टीचा आहे. मी बरीच वर्षं सहायक दिग्दर्शक होतो, आता कार्यकारी निर्माता म्हणून छोट्याच फिल्म करतो. त्यामुळे उत्तरात गोष्ट आणि हिशेब एकमेकांत मिसळणार, चालवून घ्या.

सगळ्यात आधी ती रेड रूम काढा. टोर नावाच्या ज्या जाळ्यावर हे सगळं चालतं, त्याची मूळ कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली. २००२ मध्ये सॉफ्टवेअर लोकांसमोर आलं, २००६ पासून एक ना-नफा संस्था ते सांभाळते. तुमची प्रत्येक विनंती तीन अनोळखी संगणकांवरून उड्या मारत जाते. साइटही टोरच्या आतलीच असेल तर उड्या साधारण सहा होतात. उडी म्हटली की वेळ गेला. पान उघडायला जीव खातं, फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो. अशा जाळ्यावर शेकडो गिऱ्हाइकांना एकाच वेळी चकचकीत लाइव्ह व्हिडिओ दाखवणं म्हणजे दिवास्वप्न. रेड रूमच्या नावाने जे सापडतं ते आगाऊ बिटकॉइन घेऊन गायब होणारं दुकान असतं.

तुम्ही म्हणाल, प्रेक्षकाला कुठे एवढं ठाऊक असतं? असतं. दादरला तिकीट काढून बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने यूट्यूबवर यावरचे चार व्हिडिओ पाहिलेले असतात. तो मित्राच्या कानात 'फेक आहे रे' म्हणाला की रांगेतले सगळे हसतात आणि मग तुमचं रक्तही हास्यास्पद दिसायला लागतं. त्यात छळाची खोली म्हणजे सेट, प्रोस्थेटिक मेकअप (चिकटवलेल्या खोट्या जखमा), रक्ताचे रीटेक. पंचवीस लाखांत प्रोस्थेटिक वाईटच होणार.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तुमच्या गोष्टीत पोरगा नको तिथे गेला म्हणून त्याच्यावर वेळ आली. प्रेक्षक खुर्चीत निवांत बसतो, कारण तो तिकडे जात नाही आणि जाणारही नाही. डार्क वेबचा धोका तसा नसतोच. तुम्ही आयुष्यात टोर उघडलं नसलं तरी तुमचं बरंच काही तिकडे आधीच जाऊन बसलेलं असतं. तुमच्या फिल्मचा पाया हाच हवा.

दोन खरी उदाहरणं देतो, दोन्हींत भयपटाचं बी आहे. २०२१ मध्ये भारतातल्या एका मोठ्या पिझ्झा साखळीच्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींची माहिती फुटली. कुणीतरी त्या माहितीवर डार्क वेबवर चक्क शोधायचं पान बनवलं. एखाद्याचा मोबाइल नंबर टाका, त्याने कुठल्या पत्त्यांवर मागवलं, किती पैसे मोजले, सगळं समोर. म्हणजे घरचा पत्ता, ऑफिसचा पत्ता, आणि जो पत्ता घरी कुणाला सांगितला नव्हता तोही.

दुसरं फिनलंडचं. तिथल्या मानसोपचार केंद्रांच्या एका साखळीतून रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या होत्या. २०२० मध्ये चोराने आधी कंपनीकडे पैसे मागितले. ते मिळेनात, तेव्हा नोंदी टोरवर टाकायला सुरुवात केली आणि शेवटी हजारो रुग्णांना एकेकट्याला ईमेल पाठवले: चोवीस तासांत दोनशे युरोचे बिटकॉइन द्या, नाहीतर तुम्ही डॉक्टरला बंद दाराआड जे सांगितलंत ते सगळे वाचतील. हे ईमेल ज्यांना आले त्यांच्यापैकी कुणीही कधी नको तिथे गेलं नव्हतं. सगळे उपचारांना गेले होते.

आता हे तुमच्या लालबागच्या खोलीत आणू. मी असतो तर कॉलेजकुमाराच्या जागी तिशीतली एक बाई घेतली असती. दादरच्या एका समुपदेशकाकडे रिसेप्शनवर कामाला, आईबरोबर राहणारी. डॉक्टरबाईंच्या हस्ताक्षरातल्या नोंदी संगणकावर टाइप करण्याचं काम तिचं. म्हणजे शंभर घरांची गुपितं तिच्या बोटांखालून गेलेली, आणि तिची स्वतःचीही एक फाइल त्याच कपाटात. नोंदी फुटल्या की पहिला संशय तिच्यावर. एवढ्यावर मध्यंतरापर्यंतची फिल्म उभी राहते, आणि अजून एकही भूत लागलेलं नाही.

भयपटाला नियम मात्र लागतो. भूत कशाने येतं, कशाने जातं, हे प्रेक्षकाला कळलं नाही तर तो घाबरत नाही, गोंधळतो. परदेशी फिल्ममधून नियम उचलू नका, आपल्याकडे आहेत. कोकणातल्या कुठल्याही आजीने सांगितलेला एक नियम घ्या: रात्री कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस तीनदा हाक मारतो, ते दुसरं जे काही असतं ते मारत नाही. आता हा नियम फोनच्या मेसेजला लावून बघा. रात्री अनोळखी खात्यावरून फक्त तिचं घरातलं नाव येतं, 'बेबी'. पुढे काही नाही. ती 'कोण?' असं लिहिते, आणि संपलं. गंमत म्हणजे खंडणीवाल्यांच्या धंद्यातही हेच चालतं. तुम्ही उत्तर दिलंत की नंबर जिवंत आहे, पलीकडे माणूस आहे, तो घाबरलाय, एवढं त्यांना कळतं. आजीचा नियम आणि सायबर पोलिसांचा सल्ला एकच निघतो. लेखकाला असं फुकटात क्वचित मिळतं.

आता फिल्ममधला एक सीन जवळून लिहून दाखवतो, म्हणजे पैसे कुठे वाचतात ते दिसेल.

रात्रीचे पावणेतीन. आई आतल्या बाजूला झोपली आहे, मधे फक्त पडदा. ही ओट्याला टेकून खाली बसली आहे, लॅपटॉप मांडीवर. ऑफिसातल्या कुणीतरी दिलेला, टोरवरच्या तसल्याच शोधायच्या पानाचा पत्ता तिने उघडलाय आणि पान उतरतंय. वरून एक ओळ दिसते: तिचं नाव. मग थांबतं. मग मोबाइल नंबर. मग थांबतं. मग पत्ता, जो तिने कधीतरी जेवण मागवताना घाईत टाइप केला होता: 'पिंपळासमोरची बिल्डिंग, मीटरच्या बाजूचा जिना, दुसरा मजला.' पान पुन्हा अडकतं. आई कूस बदलते. शेवटची ओळ उतरते, डिलिव्हरीवाल्यासाठीची सूचना: 'बेल बिघडली आहे, दार वाजवा. आई झोपलेली असते, हळू वाजवा.'

आणि दार वाजतं. हळू.

या सीनला लागतात दोन नट्या, एक लॅपटॉप, एक दार आणि पॅसेजमध्ये उभा असलेला तुमचा एखादा सहायक. टोरच्या संथपणामुळे रेड रूम अशक्य होते, त्याच संथपणाने इथे तुमचा ताण फुकटात बांधून दिला. इंटरनेट झटपट चालत असतं तर हा सीन पाच सेकंदांत संपला असता.

पुढचा प्रश्न प्रेक्षक हमखास विचारतो: ही पोलिसांकडे का जात नाही? जाऊ द्या तिला. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करू दे, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवू दे. पोलिसाला मूर्ख किंवा भ्रष्ट दाखवू नका. ते सोपं असतं आणि आता त्याचा कंटाळा आलाय. अधिकारी नीट ऐकून घेतो, पुरावा मागतो, ती वहीत उतरवून घेतलेला लांबलचक पत्ता दाखवते, तो टाकून बघतो आणि साइट उघडत नाही. टोरवरची पानं आज असतात, उद्या नसतात. अधिकारी म्हणतो, 'ताई, पुन्हा दिसलं तर स्क्रीनशॉट घ्या.' यात कुणाची चूक नाही, पण ती बाहेर पडते तेव्हा आलेली त्याहून एकटी असते.

मुखवटेवाला हॅकरही काढा. या धंद्यातली मोठी माणसं कशी पकडली गेली ते पाहिलंत तर तुमचा तिसरा अंक आपोआप सापडेल. 'सिल्क रोड' हा अमली पदार्थांचा बाजार फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाला. तो चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात बसलेला असताना पकडला गेला. साध्या वेशातल्या दोघांनी, एक बाई आणि एक पुरुष, त्याच्या मागे नवराबायकोसारखं भांडण काढलं. त्याने मान वळवली, तेवढ्यात उघडा लॅपटॉप हातातून गेला. 'अल्फाबे' त्याहून मोठा बाजार, २०१७ मध्ये बंद पडला. त्याच्या सूत्रधाराने सुरुवातीच्या काळात सभासदांना पाठवलेल्या स्वागताच्या ईमेलमध्ये स्वतःचा खाजगी ईमेल पत्ता राहून गेला होता. आणि फिनलंडच्या त्या चोराने नोंदींबरोबर स्वतःच्या संगणकावरचं अख्खं फोल्डर चुकून टोरवर चढवलं. टोरची कुलपं शाबूत राहिली, माणूस गाफील राहिला.

म्हणजे तुमच्या नायिकेने रातोरात हॅकिंग शिकायची गरज नाही. तो पलीकडचा माणूसही कधीतरी भुकेला होता, त्यानेही काहीतरी मागवलं असेल. त्याच शोधाच्या पानावर तिला त्याचा नंबर टाकता येतो. त्याचाही पत्ता उतरतो, त्याचीही सूचना येते. आणि मग ती कुणाच्या तरी जिन्यात उभी आहे आणि तिला दार वाजवायचंय. आत भूत आहे की माणूस, हे तुम्ही लेखक म्हणून ठरवा. पण ठरवाच. 'प्रेक्षकावर सोडलंय' हे बहुतेकदा न सुचल्याचं सोंग असतं.

आता पडद्यावरच्या पडद्याबद्दल, कारण छोट्या फिल्म इथेच उघड्या पडतात.

हिरवी अक्षरं पावसासारखी पडणं, कवट्या, लाल अक्षरांत 'ॲक्सेस डिनाइड' हे सगळं बाद. खऱ्या साइट्स वीस वर्षांपूर्वीच्या वेबसारख्या दिसतात: साधी पांढरी पाटी, सरळसोट रकाने, शुद्धलेखनाच्या चुका. सिल्क रोडवर विक्रेत्यांना गिऱ्हाइकं गुण द्यायची आणि माल पोचेपर्यंत पैसे मधल्यामधे अडकवून ठेवायची सोय होती. खंडणीखोर टोळ्या तर 'मदत कक्ष' चालवतात. हा बँकेच्या काउंटरवरचा शहाजोगपणा कवटीपेक्षा कितीतरी भयंकर आहे. तुमच्या साइटची भाषा तशीच ठेवा: 'आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे. कृपया प्रतीक्षा करा.'

उलटं चालणारं घड्याळ मात्र खुशाल वापरा, ते खरं आहे. खंडणीच्या साइटवर प्रत्येक सावजाच्या नावाच्या चौकटीत वेळ कमी होत जाते, शून्यावर आली की माहिती उघडी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांच्या पोलिसांनी 'लॉकबिट' टोळीची साइट ताब्यात घेतली. त्यांनी तीच मांडणी, त्याच चौकटी, तीच घड्याळं ठेवली आणि त्यात टोळीचीच लक्तरं टांगली. पोलिसांना एवढी नाट्यदृष्टी असेल तर आपल्याला असायला हरकत नाही.

शूटिंगसाठी खरं टोर उघडू नका. भारतात टोर वापरणं हा काही गुन्हा नाही, पण पुढच्या क्लिकला काय समोर येईल याचा भरवसा नाही. लहान मुलांच्या अश्लील चित्रणाचा तुकडा जरी मशिनवर उतरला तरी माहिती तंत्रज्ञान कायदा आणि पॉक्सो दोन्ही लागू होतात, आणि 'रिसर्च करत होतो' हे ऐकायला कुणी बसलेलं नसतं. याच कारणाने कथेतही त्या विषयाच्या वाऱ्याला उभे राहू नका. एखाद्या ओळखीच्या वेब डेव्हलपरला धरून चार-पाच पानं बनवून घ्या, जी लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतील आणि बटण दाबलं की ओळीओळीने उतरतील. नटीला समोर खरंच उतरणारी ओळ दिसू दे. हिरव्या स्क्रीनकडे बघून दचकणं आणि अक्षरं वाचून दचकणं यांतला फरक क्लोजअपमध्ये लपत नाही, शिवाय व्हीएफएक्सचं बिलही वाचतं.

पत्ता दाखवताना एक युक्ती. टोरच्या आजच्या पत्त्यात ५६ अक्षरं असतात आणि ती इंग्रजी ए ते झेड आणि २ ते ७ एवढ्यांतूनच येतात. शून्य, एक, आठ, नऊ कधीच येत नाहीत. तुमच्या खोट्या पत्त्यात मधेच एखादा आठ आणि नऊ घाला. दिसायला अस्सल, पण असा पत्ता जगात असूच शकत नाही, त्यामुळे कुणी उत्साही प्रेक्षक तो टाइप करून भलतीकडे पोचणार नाही. बिटकॉइनच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यात शून्य चालत नाही, तिथे एखादा शून्य घाला. मोबाइल नंबर दाखवायचाच असेल तर प्रॉडक्शनच्या नावावर सिम घ्या आणि तोच दाखवा. नाहीतर रिलीजच्या रात्री पनवेलच्या कुठल्यातरी काकांचा फोन वाजायला लागेल.

कॅमेऱ्याचं बोलायचं तर मॉनिटरवर सरकणाऱ्या काळ्या पट्ट्या ही नवशिक्यांची ओळख. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, लॅपटॉप सहसा ६० वर. त्यात सिनेमाचे सेकंदाला २४ फ्रेम आले की ट्यूबलाइट, स्क्रीन आणि शटर तिघांची तीन तोंडं. तुमच्या फिल्ममध्ये ट्यूबलाइट आणि स्क्रीन एकाच फ्रेममध्ये सतत असणार, म्हणून २५ फ्रेमवर शूट करा, शटर १/५० ठेवा आणि सेटिंगमधून लॅपटॉपची स्क्रीन ५० हर्ट्झवर आणा. ५० वर येतो असाच लॅपटॉप भाड्याने घ्या. स्क्रीनवर जाळीदार नक्षी दिसायला लागली तर कॅमेरा किंचित तिरका करा किंवा फोकस जरा मागे सरकवा. चेहऱ्यावर पडणारा स्क्रीनचा उजेड हा खऱ्या स्क्रीनचा नसतोच, तो पुरत नाही. लॅपटॉपच्या मागे छोटं एलईडी पॅनल लपवा, रंग किंचित निळसर, आणि पान उतरेल तसा त्याचा उजेड लाइटदादाला हाताने कमीजास्त करायला सांगा.

नुसते स्क्रीनचे जे इन्सर्ट, म्हणजे जवळून घेतलेले तुटक शॉट आहेत ते शेड्यूलमध्ये घालू नका. पूर्ण युनिट उभं करून बोटांचे शॉट घेणं म्हणजे पैसे जाळणं. शूटिंग संपल्यावर ऑफिसातल्या टेबलावर कॅमेरामन आणि एक सहायक मिळून एका दिवसात उरकतात. फक्त नटीच्या नखांचे फोटो काढून ठेवा. मधल्या काळात तिने नेलपेंट बदललेलं असतं आणि मग एडिटच्या टेबलावर डोकं धरायची वेळ येते.

लोकेशनला लालबागच्या वस्तीतल्या चाळीचा हट्ट धरू नका. गॅलरीत शेजारी, खाली गणपती मंडळाची मिटिंग, सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच आवाज रेकॉर्ड करणं, विसरा. विक्रोळीचं कन्नमवार नगर, चेंबूरचं टिळक नगर अशा म्हाडाच्या जुन्या वसाहतींत पुनर्विकासाला निघालेल्या इमारती असतात. रहिवासी बाहेर पडलेले, पाडकाम सुरू व्हायचं, मधे काही आठवडे इमारत मोकळी. भिंतीवर कालनिर्णयच्या खिळ्याची खूण, देव्हाऱ्याखालचा तेलकट डाग, दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या रेघा. आर्ट डायरेक्टरला हे सगळं बनवायला सांगितलंत तर तो आठवडा घेईल आणि तरी खोटं दिसेल. विकासक आणि सोसायटी दोघांचीही लेखी परवानगी घ्या. वीज-पाणी तोडलेलं असतं, तेव्हा जनरेटर धरा, आणि तो लांब उभा करा नाहीतर प्रत्येक टेकमध्ये घुरघुर. पालिकेने सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरवलेल्या इमारतीत मात्र पाऊल टाकू नका, कितीही स्वस्त मिळो. पोलिसांची आणि बाकीची परवानगी गोरेगावच्या चित्रनगरीतून चालणाऱ्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या एक खिडकी योजनेतून निघते.

गोष्ट रात्रीची आहे म्हणून रात्री शूट करायची काही गरज नाही. खिडक्यांना दुहेरी काळा कपडा मारा आणि सकाळी नऊचा कॉल टाइम ठेवा. नाइट शिफ्टचा जादा खर्च, सगळ्यांना घरी सोडायच्या गाड्या, तिसऱ्या रात्रीपासून चिडचिडं झालेलं युनिट, हे सगळं वाचतं. साउंडसाठी पंखा-एसी बंद, खिडक्या झाकलेल्या, आत लाइट. नटीला घाम आपोआप येतो, मेकअपदादाला स्प्रे मारावा लागत नाही. पाण्याच्या बाटल्या तेवढ्या भरपूर ठेवा आणि दर तासाला दार उघडा.

आवाजावर मात्र हात आखडू नका. भयपट लोक कानांनी बघतात. लालबाग-परळच्या माणसाच्या कानात लोकल चोवीस तास असते, त्यामुळे ती त्याला ऐकूच येत नाही. रात्री एकच्या सुमारास शेवटची जाते आणि पहाटे चारच्या सुमारास पहिली निघते. मधल्या तीन तासांत शहराखालचा तो घरघराट निघून जातो. फिल्मच्या पहिल्या वीस मिनिटांत लोकल, कुकरच्या शिट्ट्या, खालच्या मजल्यावरची मालिका असं सगळं भरून ठेवा. दार वाजण्याच्या सीनमध्ये ते सगळं एकेक करून काढून घ्या. प्रेक्षकाला काय गेलं ते सांगता येणार नाही, पण मान ताठ होईल. आणि शेवटच्या जिन्याच्या सीनसाठी इमारत लिफ्टची निवडता आली तर जाळीच्या दाराची निवडा. दार उघडं राहिलं की लिफ्टमधली बाई 'कृपया दरवाज़ा बंद कीजिए' म्हणत राहते ना, ती. सगळी मुंबई तिला ओळखते. वरच्या कुठल्यातरी मजल्यावर ती थांबायचं नाव घेत नाही, म्हणजे तिथे कुणीतरी दार उघडं ठेवून उभं आहे. ओळखीच्या एखाद्या नटीकडून तशाच थाटात नवं रेकॉर्ड करून घ्या.

हिशेबाचं थोडक्यात सांगतो. पंचवीसमधले आठ लाख आजच वेगळ्या खात्यात टाका आणि त्यांना शूटिंग संपेपर्यंत हात लावू नका. ते एडिट, साउंड डिझाइन, मिक्स आणि डीआयचे, म्हणजे शेवटच्या रंगसंगतीच्या कामाचे. बहुतेक छोट्या फिल्म शूटिंगला नाही, त्यानंतर मरतात. उरलेल्यात चौदा-पंधरा दिवसांचं शेड्यूल, आटोपशीर युनिट, आणि स्पॉटदादापासून सगळ्यांचे पैसे त्या त्या आठवड्याला. मित्रांनी फुकट काम केलं तर तेही कागदावर लिहून घ्या, विशेषतः लेखकाचं आणि संगीतकाराचं. नाहीतर विकायच्या वेळी हक्कांची कागदपत्रं मागितली जातात आणि मैत्री व फिल्म दोन्ही अडकतात. कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात पंधरा हजार डॉलरमध्ये शूट केली. केली, खरं आहे. पण पुढे एका बड्या स्टुडिओने ती घेऊन प्रसिद्धीवर जो पैसा ओतला त्याचा आकडा ही मंडळी सांगत नाहीत. तुमच्या पंचविसात प्रसिद्धी आणि थिएटरचा खर्च धरलेला नाही, हे घरच्यांना आधी सांगा.

सेन्सॉरला घाबरू नका, पण लिहितानाच लक्षात ठेवा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) प्रमाणपत्रामध्ये ७, १३ आणि १६ वर्षांच्या पायऱ्या आल्या आहेत. रक्त नसलेली, दार वाजवणारी फिल्म यूए १६ मध्ये बसू शकते. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर टीव्हीचा रस्ता अडतो, आणि मराठी फिल्मला तो अजून लागतो. फक्त ओटीटीवर जायचं असेल तर हे प्रमाणपत्र लागत नाही. पण थिएटरचं दार आपणहून का बंद करायचं? आणि हो, तुमच्या स्क्रिप्टमध्ये तीन ठिकाणी काळं मांजर आहे. त्यासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी लागते, नाहीतर सेन्सॉरकडे फाइल अडकते. मांजर काढा, त्याने तसाही कुणी घाबरत नाही.

कामाला लागायचं तर आधी तो दार वाजवण्याचा एकच सीन मोबाइलवर करून बघा, कुणाच्याही घरी, घरच्याच कुणाला तरी घेऊन. आवाज नीट बसवा आणि ओळखीबाहेरच्या चार माणसांना हेडफोन लावून दाखवा. तुम्ही सीन बघू नका, त्यांचे हात बघा. पान उतरत असताना कुणाचा हात स्वतःच्या फोनकडे गेला तर लेखनावर परत बसा. नाही गेला तर लोकेशनचा ॲडव्हान्स द्यायला हरकत नाही.